जवळची व्यक्ती

मोटार शिकवणारी बाई भित्री असते असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा नवशिक्याच्या शेजारी बसून यवतेश्वरचा घाट उतरून दाखवावा. मी आयुष्यभर तेच केलं. ‘शेडगे मोटार ड्रायव्हिंग स्कूल’, पोवई नाक्याच्या अलीकडं. निम्म्या साताऱ्याला क्लच आणि ब्रेक यांतला फरक मी शिकवला. आता गाड्या आपल्या आपण चालतात, शिकायला काळं कुत्रं येत नाही, म्हणून शाळा बंद केली. पाटी मात्र मी काढू दिलेली नाही.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला वाकून तो बघायला लावायचे. “हे बघ, स्टिअरिंग तुझ्या हातात. पण ब्रेक माझ्याही पायाखाली आहे. मी दाबला तर सांगून दाबेन, गुपचूप नाही.” आपल्या गाडीवर दुसऱ्या कोणाचा पाय आहे, हे चालवणाऱ्याला माहीत पाहिजे. एवढं साधं आहे.

हे आधी सांगून टाकते, कारण त्यामुळंच माझ्या बाबतीत जे झालं ते मला जास्त लागलं.

सुरुवात झाली ती संडासला रक्त दिसलं तेव्हा. मूळव्याध असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. आमचे हे, म्हणजे प्रतापराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुंगीसुद्धा ओलांडून जाणारे. त्यांनी तोंडाचा पट्टा सुरू केला. पुण्याहून लेकीचे, ऋतुजाचे, फोन सुरू झाले. शेवटी हायवेवरच्या नव्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टर नेर्लेकर, माझ्या ऋतुजाच्याच वयाच्या. म्हणाल्या, “मोठं आतडं आतून बघायला हवं. अळी सोडू.”

अळी म्हणजे खरी अळी नव्हे, घाबरू नका. पूर्वी कोलोनोस्कोपीला लांब नळी घालायचे, डॉक्टर ती हातानं ढकलत न्यायचे. आता करंगळीएवढं मऊ रबरी यंत्र असतं. ते फुगतं, आक्रसतं आणि आतड्याच्या वळणांवरून स्वतःच सरपटत जातं. डोळा त्याचा, अक्कलही त्याचीच. वाटेत गाठ दिसली तर ती तिथंच कापतं, मुळाशी शेक देऊन रक्त थांबवतं आणि पुढं जातं. आज जी गाठ चण्याएवढी असते, तीच सोडून दिली तर काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ती काढलेली बरी. इथपर्यंत मला सगळं पटलं होतं.

आदल्या दिवशी नुसती पेज गाळून आणि नारळपाणी. मग ते औषधाचं पाणी! लिंबू सरबतात कोणी साबण कालवावा तशी चव. तांब्यावर तांब्या प्यायले आणि मग मी आणि संडास, दोघांचाच संसार. हे बाहेरून विचारायचे, “वैजू, ठीक आहेस ना?” मी आतून ओरडायचे, “अहो, दर मिनिटाला काय विचारता? जगतेय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात सखीशी बोलणं झालं.

सखी म्हणजे बोलणारं यंत्र. पूर्वी ऑपरेशनआधी कागद पुढं करायचे आणि लोक न वाचता सही ठोकायचे. त्यावरून कोर्टकचेऱ्या फार झाल्या, तेव्हा नवा कायदा आला. धोके काय आहेत ते रुग्णाशी बोलून, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचे आणि त्याचा होकार त्याच्याच आवाजात घ्यायचा. डॉक्टरांना एवढा वेळ कुठला? म्हणून सखी आली. मनगटावर पट्टा बांधतात, त्यातून तिला तुमची नाडी कळते. आवाज किती कापतोय तेही कळतं. बोलते अगदी आपल्या गावची असल्यासारखी.

“वैजयंतीताई, तुमच्या जवळच्या व्यक्तीचं नाव सांगाल?” तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

“प्रतापराव शेडगे. दुसरं कोण असणार?” मी म्हटलं. हे शेजारीच उभे होते, जरा लाजलेसुद्धा.

मग मला चहा नसलेला चहा, म्हणजे काळं पाणी, देऊन बसवलं आणि यांना ‘थोडी माहिती हवी’ म्हणून आतल्या खोलीत नेलं. हे परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, उपाशी आहेत.

मी सखीला सरळ विचारलं, “यात धोका काय असतो?”

“धोका फार थोडा असतो, ताई. बहुतेकांना काहीही होत नाही. हजारात एखाद्यालाच त्रास होतो.”

“माझं तिशीत अपेंडिक्स फुटलं होतं. वाईला पोट उघडून ऑपरेशन झालंय. त्याचं काही?”

“ते डॉक्टरांना माहीत आहे, ताई. ते सगळी काळजी घेतील.”

माझा जीव भांड्यात पडला. मी हो म्हटलं. मोठ्यानं, खणखणीत.

झोपेचं इंजेक्शन दिलं, उठले तेव्हा सगळं उरकलं होतं. एक गाठ सापडली होती, ती काढली होती. दुपारी घरी आलो. ऋतुजाचा फोन, सगळे खूश. मी मऊ भात खाल्ला.

संध्याकाळकडं पोट दुखायला लागलं. फुगलंही होतं. मला वाटलं, आत हवा भरतात तीच असेल, वात धरला असेल. ओवा चावला आणि पडून राहिले. हे मात्र सारखे येऊन विचारत होते, “पोट दुखतंय का? कडक लागतंय का? खांद्यात काही होतंय का?” खांद्यात! आता आतड्याचं बघितलं तर खांद्यात काय होणार? मला वाटलं, हे उगाच घाबरलेत, त्यात आणखी भर नको. मी म्हणाले, “काही नाही हो, बरं वाटतंय.” खांदा खरोखरच ठणकत होता. मी दातावर दात दाबून हसतमुख पडून राहिले.

सकाळी ताप भरला, पोट पाटीसारखं घट्ट झालं. उचलूनच नेलं. आतड्याला भोक पडलं होतं, आतली घाण पोटभर झाली होती. पोट उघडलं, धुतलं, खराब झालेला भाग काढला. शुद्धीवर आले तेव्हा पोटाच्या डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली होती. त्या पिशवीचं काम काय ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. बेंबीच्या बाजूला आपल्याच आतड्याचं लालभडक तोंड बघणं, बाई गं. मी पहिले काही दिवस तिकडं बघितलंच नाही, छताकडं बघत सिस्टरला साफ करू दिलं. आणि रडले. एकदा नाही, खूपदा.

तरी तोवर मला राग कोणाचाच नव्हता. हजारात एक म्हणतात, तो एक आपण निघालो, नशीब, असंच मी मनाला समजावत होते.

मग शेजारच्या खाटेवर इंदुताई कारंडे आल्या. लोणंदच्या, कांद्याच्या बाजारात आडत आहे त्यांची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आवाज लिलावातला. त्यांचीही अळी झाली होती, गाठ कापल्या जागेतून पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त यायला लागलं म्हणून आल्या होत्या. मी म्हटलं, “कपाळ बघा, तुमचंही हजारात एक निघालं.”

“कसलं हजारात एक?” त्या म्हणाल्या. “गाठ कापली की शंभरात एखाद्याला रक्त जातं, दोन आठवड्यांपर्यंत कधीही जाऊ शकतं, असं सखीनं मला आधीच सांगितलं होतं की. म्हणून तर रक्त दिसल्या दिसल्या मी पिशवी भरून स्टँडवर. तिनं सगळं सांगितलं. भोक पडू शकतं, भुलीच्या औषधानं श्वास मंदावू शकतो, त्या जुलाबाच्या पाण्यानं अंगातलं मीठ कमी होऊन चक्कर येऊ शकते, एखादी गाठ नजरेतून सुटूही शकते. पोट फुगलं, खांदा दुखला, ताप आला तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंन् तिनं.”

मी उठून बसायचा प्रयत्न केला, टाक्यांनी कळ आली. “खांदा?”

“हो. आतली हवा बाहेर सुटली की खांद्यात दुखतं म्हणे. तुम्हाला नाही सांगितलं?”

“नाही.”

“अशी कशी? मला तर बाई तासभर पिडलं तिनं. माझ्याबरोबर तर कोणी नव्हतंच, मी एकटीच आले होते.”

सिस्टरला सांगून मी सखीला बोलावून घेतलं. खाटेच्या कडेला लावलेला छोटा पडदा उजळला. “वैजयंतीताई, कसं वाटतंय आता?”

“ते राहू दे. मला खोटं का सांगितलंस?”

“मी खोटं बोलले नाही, ताई. लोकांना काय होतं ते मी सांगितलं. ते खरं होतं. तुम्हाला काय होऊ शकतं ते मी सांगितलं नाही.”

असली उत्तरं मी आरटीओमध्ये पुष्कळ ऐकलीत. “का नाही सांगितलंस?”

“तुमच्यासाठी सौम्य संवाद निवडला होता.”

“कोणी?”

“तुमच्या जवळच्या व्यक्तीनं.”

इंदुताईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. चांगली बाई.

डॉक्टर नेर्लेकर राऊंडला आल्या तेव्हा मी त्यांना धरून बसवलं. बिचारीनं काही लपवलं नाही. सखीला शिकवताना म्हणे आपल्याकडच्या हजारो दवाखान्यांतली बोलणी ऐकवली होती. त्यांत एक गोष्ट जागोजागी आली. पेशंट आत कपडे सावरतोय, आणि घरचे दाराशी डॉक्टरला गाठून हळूच म्हणतायत, ‘डॉक्टर, तिला काही सांगू नका हं.’ यंत्रानं आपली ही सवय बरोबर उचलली. शास्त्राचाही आधार मिळाला. धोका ऐकून माणूस धास्तावला की त्या धास्तीनंच दुखणं वाढतं, साखरेची गोळी देऊन ‘हिनं डोकं दुखेल’ म्हटलं तर काहींचं खरंच दुखतं. म्हणून कायद्याच्या चौकटीत बसेल अशी सोय करून टाकली. पूर्ण माहिती जवळच्या माणसाला, सौम्य माहिती पेशंटला.

“आणि माझा खरा धोका किती होता?” मी विचारलं.

“निरोगी आतडं पोटात सैल असतं, काकू. अळी वळली की तेही जरा सरकतं. तुमचं जुन्या ऑपरेशनमुळं एका जागी चिकटलेलं होतं, आणि गाठ नेमकी तिथंच. भिंत आधीच ताणलेली, त्यात कापून शेक दिला. अशा ठिकाणी शंभरात दोघा-तिघांना भोक पडतं. तुम्हाला दुसरा पर्यायही होता, आधी स्कॅन करून मग पुण्याला थिएटरमध्ये, सर्जन उभा ठेवून गाठ काढायचा.” पुढं म्हणाल्या, “आणि त्या दिवशी संध्याकाळीच आला असतात, तर आतूनच चिमटा लावून भोक बंद करता आलं असतं. बहुतेक पिशवी लागली नसती.”

हे दुपारी थर्मास घेऊन आले. ऋतुजाही पुण्याहून आली होती. मी दोघांना समोर बसवलं. शिकाऊ माणूस सिग्नल तोडतो तेव्हा जो आवाज लावायचे तो लावला.

“सौम्य संवाद कोणी निवडला?”

हे ऋतुजाकडं बघायला लागले. ती म्हणाली, “आई, बाबांनी मला फोन केला होता. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तू ऐकलं असतंस तर उठून निघून आली असतीस.”

“कशावरून?”

“दाताच्या डॉक्टरकडून नाही का पळून आली होतीस?”

“एका दाढेवरून माझी लायकी ठरवलीत? घाटात गाडी मागं घसरत असताना दुसऱ्याचं पोर जिवंत खाली आणणारी बाई मी. मला दोन-तीन टक्के कळले नसते?”

“गाठ निघाली ना पण! ती पुढं कॅन्सर झाली असती. जीव वाचला तुझा.”

“वाचला. मी कुठं नाही म्हणतेय? सगळं सांगितलं असतंत तरी मी कदाचित हीच अळी घेतली असती. कदाचित पुण्याला गेले असते. ते मी ठरवलं असतं.” मग मी यांच्याकडं वळले. “आणि तुम्ही. त्या संध्याकाळी खांद्याचं विचारत होतात. तुम्हाला माहीत होतं.”

“हो,” हे म्हणाले.

“मला काळजी नको म्हणून मी नाही म्हणत होते. तुम्ही नुसतं एवढं म्हणाला असतात, की वैजू, खांदा दुखला तर आतडं फाटलेलं असू शकतं. मी चपला घालून निघाले असते. का नाही बोललात?”

यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि लावलं. मग म्हणाले, “बोललो असतो तर आधी लपवलं होतं ते तुला कळलं असतं.”

ऋतुजा रडायला लागली. मला रडू आलं नाही. डोक्यात तिडीक गेली होती. या माणसाच्या शेजारी मी आयुष्य काढलं. माझं आतडं फाटत होतं आणि हा आपली चोरी झाकत बसला होता. प्रेमानं, हो, प्रेमानंच! कोणी दुष्टपणानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. यांना काय म्हणू?

घरी आले. पिशवी बदलायला मी स्वतः शिकले, यांना हात लावू दिला नाही. हे ताटात वाढायचे, मी जेवायचे. “मीठ बरोबर आहे का?” विचारायचे, मी “हो” म्हणायचे. एवढंच बोलणं. हे कधी पाटीवरची धूळ पुसायचे, कधी माझ्या जुन्या गाडीचं सीट झटकायचे. कीव यायची आणि लगेच रागही यायचा.

काही महिन्यांनी डॉक्टर नेर्लेकरांनी बोलावलं. आतडं परत जोडून पिशवी काढता येईल म्हणाल्या. पण जोडण्याआधी आत पुन्हा अळी सोडायची, दुसरी गाठ नाही ना बघायला. तीच अळी. मग ऑपरेशन. मी एकटीनं त्यांना खोलीत गाठलं आणि म्हटलं, “आकडे सांगा.” त्यांनी सांगितले. अळीचा धोका माझ्यासाठी या खेपेलाही शंभरात दोन. जोडलेला सांधा गळायचा धोका शंभरात पाच-सहा, आणि गळला तर पिशवी कदाचित कायमची. काहीच केलं नाही तर पिशवी तशीच, पण जिवाला धोका नाही. मी ऐकून घेतलं.

आणि मग मनात आलं, या माणसाला एक संधी द्यावी.

ठरल्या दिवशी हॉस्पिटलात यांना म्हटलं, “अहो, तुम्ही सखीकडून सगळी माहिती घेऊन या. आणि मला तुमच्या तोंडानं सांगा. यंत्राकडून नको. तुम्ही सांगाल ते मी खरं मानेन.”

मला आकडे माहीत आहेत हे यांना ठाऊक नव्हतं. हे आत गेले. मी बाकावर बसून राहिले आणि देवाशपथ सांगते, मनात एकच घोकत होते. बोला हो, एवढं एकदा खरं बोला.

हे बाहेर आले. चेहरा त्या दिवशीसारखाच उतरलेला. शेजारी बसले, माझा हात हातात घेतला.

“काय म्हणाली?”

“काही विशेष नाही गं,” हे म्हणाले. “किरकोळ आहे. हजारात एखाद्याला होतं म्हणाली. तू काळजी करू नकोस.”

मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले. यांचे डोळे भरून आले होते. मला कळत होतं, हा माणूस माझ्यासाठी जीव देईल. पण खरं सांगायचं म्हटलं की याची जीभ वळत नाही. मी हात सोडवून घेतला. हळूच, झटकला नाही.

सिस्टरनं मनगटाला पट्टा बांधला. पडदा उजळला.

“नमस्कार, वैजयंतीताई. सुरू करण्याआधी, तुमच्या जवळच्या व्यक्तीचं नाव सांगाल? मागच्या वेळी प्रतापराव शेडगे होतं. तेच ठेवू?”

“नको,” मी म्हटलं.

“मग कोणाचं लिहू?”

“कोणाचंच नको. मी एकटी आलेय. मला सगळं सांग.”

हे माझ्या शेजारीच बसले होते, मांडीवर थर्मास घेऊन. सखीनं एकेक धोका सांगायला सुरुवात केली आणि मी प्रत्येकाला “कळलं” म्हणत गेले.